मरणाची चौकशी करणारे दस्तगीरभाई

बातमी आली ती ऑर्डर म्हणून. तालमीच्या पोरांनी मोबाईलवर फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'श्रद्धांजलीचा बोर्ड, चार बाय सहा, संध्याकाळपर्यंत पायजे.' फोटो उघडला तर दस्तगीरभाई. माझं फ्लेक्सचं दुकान. पेठेतल्या निम्म्या माणसांना मी स्वर्गात धाडलंय, तेही निळ्या ढगांसकट. पण त्या दिवशी मला ढगच सापडेनात…

भाई महापालिकेचे आरोग्य कर्मचारी. पेठेत कुणाला कसली साथ लागली, कोण कशानं गेलं, याची नोंद ठेवायची हे त्यांचं काम. त्यांच्या हद्दीतला डास चावण्याआधी त्यांना विचारत असावा, असा माझा दाट संशय. रोज सकाळी सायकल दुकानाला टेकवून विचारायचे, "आज कोण?" मृत्यूच्या दाखल्याआधी त्यांना माझा ओला बोर्ड दिसायचा. दाखल्यावर बहुतेकांचं कारण एकच, हृदयक्रिया बंद पडून. त्यावर भाई उखडायचे. "बंद पडणारच की. चालू ठेवून कोण मेलाय? कशानं पडलं ते सांगा." मग रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन बसायचे. पहिल्या चहाला अवाक्षर नाही. दुसऱ्या चहाला माणसं आपोआप खरं बोलायची. एका म्हाताऱ्यापायी सतरा चहा झाले, असं मी पेठभर सांगत फिरलो. झाले असतील चार.

मग माझे वडील, आबा, गेले. बोर्ड मीच छापला. त्यांना क्षय होता. गोळ्या त्यांनी दोन महिन्यांतच सोडल्या, आणि बहिणीचं लग्न ठरत होतं म्हणून आम्ही सगळे गप्प. भाई आले. मी दम्याची अशी कहाणी रचली की ऐकून आईलाच धाप लागली. दोन चहा झाले, तिसरा झाला, मी काही बधलो नाही. पण भाईंचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. माझी दोन वर्षांची सई आबांच्या रिकाम्या कॉटवर उशी कवटाळून झोपली होती.

"ही कुणाजवळ झोपायची?"

"आबांजवळच की…"

"पावणं," भाई म्हणाले. वीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पहिल्यांदाच असं परकं केलं. "गेलेल्याची अब्रू मी झाकतो. हिच्या जिवाचं काय?"

मी सगळं सांगून टाकलं.

सईला आजार निघाला नाही, पण लागू नये म्हणून सहा महिने रोज गोळी. भाई दर आठवड्याला येऊन रिकामी पाकिटं तपासायचे, तिला मांजराचे आवाज काढून हसवायचे आणि मला विचारायचे, "तुमचा दमा काय म्हणतोय?" बहिणीच्या सासरी एक शब्द पोचला नाही. या माणसाला काळजी म्हणून ठाऊकच नाही, असं मला वाटायचं.

परवा सईला घेऊन त्यांच्या घरी गेलो. सई आता नववीत. भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर ठरावीक दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मी बाहेर बसलो आणि सई आत. सईनं आपलं नाव सांगितलं. पडद्याआडून भाभींचा आवाज आला, "तू व्हय ती? सहा महिने ह्यांनी एक जेवण धड केलं न्हाय. घास हातात धरून म्हणायचे, पोरीनं आज गोळी गिळली असंल का…"

थोड्या वेळानं ताट ठेवल्याचा आवाज आला. सई घरून पोटभर जेवून आली होती, तरी नको म्हणाली नाही. मी बाहेर ऐकत बसलो. भाभी वाढतच होत्या…