खोक्यावरची जागा

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलाही आवाज नेमका कुठून येतो ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहेरी, साखरखेर्ड्याला, धान्याच्या कोठीवर टिचक्या मारून मी सांगायचे की ज्वारी कुठवर उरली आहे. आई म्हणायची, ही सासरच्या भिंतीसुद्धा वाजवून बघेल.

सासर मिळालं सोनाळ्याचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझं ‘मला-तुला’ ऐकून जावा हसायच्या आणि त्यांचं ‘मले-तुले’ ऐकून मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या बायकांच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या होत्या. दर एकादशीला दुपारी आमच्या पुढच्या खोलीत दहा-बारा जणी जमायच्या. आत्याबाईंनी पहिली ओळ उचलली की रस्त्याने जाणारा माणूस दोन घटका उभा राहायचा, असा त्यांचा गळा.

माझ्या गळ्याबद्दल न बोललेलंच बरं. लग्नानंतरच्या पहिल्याच एकादशीला मी दोन ओळी म्हटल्या. आत्याबाईंनी माझ्या हातातले टाळ हळूच काढून घेतले आणि म्हणाल्या, “तू चहाचं पाहाय.” तेव्हापासून माझी जागा चुलीपाशी. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मला त्या खोलीत, त्यांच्यात बसायचं होतं, एवढंच.

मंडळाला ठेका द्यायला एक म्हातारे ढोलकीवाले होते, आत्याबाईंचे चुलतभाऊ. ते दाराशी बसून वाजवायचे. त्या वर्षी संधिवाताने त्यांची बोटं आखडली आणि ढोलकी खुंटीवर गेली. बायकांपैकी कोणीही ती खाली काढायला धजेना. ढोलकीला चामडं, आणि देवापुढे बाईने चामड्याला हात लावायचा नाही असा दंडक. मग भजनं पळायला लागली. सुरुवात संथ व्हायची, पण शेवटी टाळ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. आत्याबाई वैतागून थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

अशाच एका एकादशीला मी मागच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. बसायला चहाचा रिकामा खोका होता. किराणा दुकानातून आणलेला, पातळ फळ्यांचा, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आत चंदेरी कागद. एका बाजूची फळी निघालेली, ती उघडी बाजू माझ्या पाठीमागे. पुढे भजन पळायला लागलं तसे माझे हात शिवशिवायला लागले. शेंगा बाजूला ठेवून मी दोन गुडघ्यांच्या मधे, खोक्याच्या पुढच्या फळीवर थाप मारली. मधोमध मारली तर भरदार ‘धुम’. काठाला बोटं मारली तर ‘टक’, आणि त्या टकच्या मागे आतला फाटका कागद झिर्र करून थरथरायचा. मी सगळं विसरून वाजवत राहिले. हळूहळू पुढच्या खोलीतलं भजन थाऱ्यावर आलं. आणि मग एकदम बंद पडलं.

“कोन वाजवून राह्यलं वं आंदर?” आत्याबाईंचा आवाज.

“मी आहे, आत्याबाई.” मी केव्हाच उडी मारून उभी राहिले होते. त्या दारात आल्या. खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“चामडं हाय काय त्याले?”

“नाही. नुसतं लाकूड आहे.”

“मंग आन पुढे.”

मला इतका आनंद झाला की शेंगा पायाखाली चिरडल्या तरी कळलं नाही. मी खोका उचलून पुढच्या खोलीत नेला, आणि तिथे अडले. समोर देव, सगळ्या थोरल्या बायका सतरंजीवर, सासू सतरंजीवर. सुनेने उंचावर कसं बसायचं? मी मुकाट्याने खाली मांडी घातली, खोका पुढ्यात ठेवला आणि थाप मारली. आवाज ठस्स! तोच खोका, तेच हात, आणि मघाचा ‘धुम’ गेला कुठे?

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढचे कित्येक दिवस मी घर रिकामं झालं की त्या खोक्यापाशी. उघडी बाजू खाली ठेवली तर आवाज जमिनीतच अडकायचा. पलीकडे ठेवली तर मोकळा व्हायचा, पण रिकामा खोका थापेसरशी नाचायचा. वर धान्याचा डबा ठेवला, तर डबाच वाजायचा. नवरा शाळेत मास्तर. तो म्हणाला, “प्रयोगशाळा काढली काय?” शेवटी मी स्वयंपाकघरातला पाटा खोक्यावर ठेवला. खोका जागेवर राहिला आणि आवाज पुष्कळ सुधारला. तरी तो पहिल्या दिवशीचा नव्हताच. खोक्याला अंगावर बसलेलं माणूस हवं होतं, हे मला पक्कं कळलं होतं. पण ते आत्याबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. खोलीत बसायला मिळालं होतं, ते गमावून बसले असते तर?

चार महिने दर एकादशीला पाटाच चालला. मग शेजारच्या गावच्या बायकांनी मंडळाला दुपारच्या भजनाचं बोलावणं धाडलं. मंडळ पहिल्यांदाच गावाबाहेर निघालं. दोन बैलगाड्या जुंपल्या. एकीत मी, खोका आणि पाटा. गाडीत बायकांनी पाट्याची यथेच्छ थट्टा केली.

देवळात गुळगुळीत फरशी होती. आमच्या सारवलेल्या जमिनीवर खोका रुतून बसायचा. इथे दुसऱ्याच थापेला तो पाट्यासकट पुढे सरकला. मी गुडघ्यांवर त्याच्यामागे. पुन्हा थाप, पुन्हा तो पुढे. भजन अडखळलं, समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता चहाचंच बघायचं, मी मनात म्हटलं.

आत्याबाईंनी टाळ थांबवले.

“काढ तो पाटा. बस वर.”

“आत्याबाई, तुम्ही खाली आणि मी...”

“मी काय म्हनून राह्यली? बस!”

मी पदर खोचला आणि बसले. समोरून एक म्हातारी बोललीच, “काय वं बाई, सासू खाली अन् सून वर?”

“ते तिची जागा हाय,” आत्याबाई म्हणाल्या आणि लगेच ओळ उचलली.

मी थाप मारली. ‘धुम’ फरशीवरून घुमत गेला, मागून तो झिर्र. आत्याबाईंनी मान वळवली नाही, पण दुसऱ्या ओळीला त्यांनी आवाज असा सोडला की मी तो घरात कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्याहून हातभर उंच बसले होते आणि मला जराही भीती वाटत नव्हती.

परतताना त्या माझ्याच गाडीत चढल्या. मग म्हणाल्या, “त्या दिशी आंदर वाजवलं, तवा तू वरच बसली होतीस ना?”

“हो.”

“मले वाटे, त्या दिशीचे मनाचे खेळ असतील. दर एकादशीले कान देऊन आयकलं, पन तो आवाज काही ये नाही.” त्यांनी पाट्यावर हात आपटला. “सांगाचं होतं ना वं! चार महिने मी या पाट्यासंग गायली.”

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. घरी पोचल्यावर पाटा त्यांनी स्वतः उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.