उजव्या खांद्यावरचा पदर

काल दाराला रंग द्यायला टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी आमच्या मखमलाबादच्या ओट्यावरची ती संध्याकाळ आठवली. नव्वदच्या दशकातली. मी नाशिकला चित्रकला शिकत होते आणि माझं पहिलं एचिंग आईला दाखवायला आणलं होतं. जस्ताच्या पत्र्यावर सुईने कोरायचं, पत्रा आम्लात बुडवायचा, मग शाई भरून कागदावर छापायचं आणि हात टर्पेंटाइनने पुसायचे. कित्येक दिवस खपून मी आईच कोरली होती, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी.

तिने हात पुसले आणि कागद बल्बखाली धरला. बोटांवरच्या भेगा, जुडीतून निसटलेली एक काडी, सगळं सावकाश पाहिलं.

"लय हुबेहूब हाय गं," म्हणाली, आणि थबकली. "पण पदर उजव्या खांद्यावर? मी काय गुजरातीण हाय?"

छापताना चित्र उलटं होतं, हे मला शिकवलेलं होतं. पदराचा विचारच केला नव्हता.

"सरांना चाललंय, आई."

"मला नाय चालत."

भयंकर राग आला. पण ताटावर बसायच्या आत ठरवलं, नवा पत्रा घ्यायचा आणि सगळी आई उलटी कोरायची. कोरलीच.

तेव्हा ती हट्टी वाटली होती. माझं चित्र तितकं निरखून पुढे कोणीच पाहिलं नाही.

नवं चित्र हाती आल्यावर मी जुनं फाडायला घेतलं, तर आईने ते ओढून घेतलं आणि आरशासमोरच्या भिंतीवर चिकटवलं.

"असू दे. आरशात बघितलं का पदर जागेवर येतो."