तात्यांच्या खिशातला बोल्ट

गॅरेजच्या कोपऱ्यात जुने फिल्टर कधी साठले, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आज एक टाकला, परवा दोन टाकले, आणि एक दिवस झाडू घेऊन जावं तर ढीग झालेला असतो. आमच्या किस्स्यांचं तसंच झालंय. शिळफाट्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं काढली. आता मित्रमंडळी चहाला बसली, की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. आजचे सगळे एकाच जीपचे आहेत. पहिल्याला हसून घ्या. पुढच्यांची मी हमी देत नाही.

* * *

तात्या मिस्त्री म्हणजे आमचे उस्ताद. घाट चढण्याआधी ट्रकवाले त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवून जायचे, इतका त्यांच्या कानावर भरवसा.

डिझेलच्या गाडीचं एक दुखणं असतं. पाइप उघडला की लाइनमध्ये हवा शिरते, आणि हवा शिरली की इंजिन उठत नाही. एकदा पाइप उघडा असताना एका उतावळ्या ड्रायव्हरनं स्टार्टर मारला आणि आमची अख्खी सकाळ हवा काढण्यात गेली. त्या दिवसापासून तात्यांनी नियम केला. पाइप उघडला, की तो ज्या पोकळ बोल्टनं बसतो तो बोल्ट तात्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात.

"बोल्ट माज्या खिशात हाय तवर गाडी चालू व्हायची नाय," असं ते सांगायचे, आणि ते खरंच होतं.

इतकं खरं, की एकदा ते एका ट्रकचा बोल्ट खिशात घेऊन साडूच्या घरी लग्नाला पेणला गेले. ट्रक दोन दिवस आमच्या दारात उभा! ड्रायव्हर बिचारा कंटाळून आम्हाला स्वयंपाक करून घालायला लागला. तात्या परतल्यावर त्यांनाही त्यानं जेवायला वाढलं. तात्या म्हणाले, "भाजी झ्याक हाय. अजून एक दिवस रहातोस का?"

* * *

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. कळंबचा विष्णू त्याची जुनी डिझेल जीप घेऊन आला. कळंब ते नेरळ स्टेशन माणसं ने-आण करायचा.

"पोशीरच्या वळणावर बंद पडते," तो म्हणाला. "बाकी कुटं नाय. तितंच."

आमचा वेल्डर वसंत लगेच काम टाकून जवळ आला. त्याला असल्या भुताटकीच्या गोष्टींची भारी हौस.

विष्णूनं मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या, शेवंताच्या, पोटात कळा सुरू झाल्या म्हणून तिला कर्जतच्या दवाखान्यात नेत होता. जीप त्या वळणावर अडली. बैलगाडी मिळेपर्यंत वेळ गेला. मूल गेलं. मुलगी होती.

"आता परत दिवस गेलेत," तो म्हणाला. "पावसाळ्याआधी बाळंत व्हायची. एस्टी दिवसाला दोन. मला ही गाडी त्या वळणावरून पार जायला पायजे, तात्या. दुसरं काय नको."

तात्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत कुणी मोठा श्वास ओढावा तसा आवाज आला. वसंत दोन पावलं मागं सरला.

"घाबरतोस काय रं? झाकनाला भोक नाय. डिझेल कमी झालं की आत हवा जायला वाट नाय, मग टाकीच उलटी ओढून धरते. कळंबवरनं पोशीरपर्यंत तेवढी ओढ बसते."

आम्ही सगळे हसत सुटलो. तात्यांनी झाकणाला भोक पाडलं. वसंत मात्र जाता जाता विष्णूला विचारून बसला, "आनि नेरळवरनं येताना कुटं बंद पडते?"

विष्णू म्हणाला, "येताना पन तितंच."

* * *

आठ दिवसांत जीप परत आली. या वेळी तात्यांनी टाकीच खाली उतरवली. टाकीत कधी कधी पानाचा तुकडा, चिंधी असं काही तरंगत असतं. ते पाइपच्या तोंडावर जाऊन बसतं, गाडी बंद पडते. गाडी बंद पडली की ओढ सुटते, चिंधी गळून पडते, आणि गाडी पुन्हा चालू होते. मालक वेडा व्हायची वेळ येते.

चिंधीच निघाली. मी तारेनं बाहेर ओढली. डिझेलनं काळी पडलेली, पण कडेला हिरव्या दोऱ्याचे टाके दिसत होते. विष्णूनं ती हातात घेतली आणि खाली पायरीवर बसला.

दुपटं होतं, त्या वेळच्या बाळासाठी शिवलेलं. त्या दिवशी वळणावर त्यानं टाकीत डिझेल आहे का बघितलं, घाईत झाकण हरवलं, आणि हाताला लागलं ते कापड टाकीच्या तोंडात कोंबलं. नंतर नवं झाकण लावायला गेला तेव्हा कापड दिसलं नाही. कुठंतरी रस्त्यात पडलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

तात्या कुणावर कधी न चिडणारे, पण वसंत तोंड उघडतोय असं बघून त्याच्यावर खेकसले, "चहा आन जा."

* * *

टाकी धुतली, फिल्टर बदलला, पाइपच्या जोडातले तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, बदलल्या. तरी वळण काही पार होईना.

मग तात्यांनी शेवटची परीक्षा घेतली. बॉनेटजवळ उंचावर पाच लिटरचा डबा बांधला आणि त्यातून प्लास्टिकची पारदर्शक नळी थेट पंपाला दिली. टाकी बाद, जुना पाइप बाद. डिझेल वरून खाली आपल्या वजनानं येणार. अडली, तर दोष पंपाचा.

तात्या चालवायला, मी शेजारी. सकाळी नऊचं लख्ख ऊन. नळी माझ्या डोळ्यांसमोर होती. पोशीरपर्यंत डिझेल छान सरळ येत होतं.

वळणावर ते थांबलं. आणि मग माझ्या देखत नळीतून वर चढून डब्यात परत गेलं.

इंजिन बंद. रस्ता तिथं तळहातासारखा सपाट आहे. भाताची रिकामी खाचरं, एक बांध, बाकी काही नाही. तात्यांनी नळीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"पंप बदलू," ते म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मला तेव्हा भीती वाटली ती त्या आवाजाची.

* * *

पंप बदलायला आम्ही कळंबला विष्णूच्या दारातच जायचं ठरवलं. शेवंता ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. नववा लागला होता. जीपकडे ती बघत नव्हती.

तात्यांना चहा देताना म्हणाली, "तुमी उगाच दमता, तात्या. ती अडत नाय. थांबते."

"थांबते म्हंजे गं?"

"कुनीतरी चढायचं ऱ्हायलं हाय."

एरवी तात्या तोंडावर हसायचे असल्या बोलण्याला. तिला म्हणाले, "बरं पोरी," आणि चहा संपवला.

* * *

नवा पंप बसवला आणि बघतो तर पाइपचं वायसर चेपलेलं. दुसरं आमच्याकडे नव्हतं. विष्णू शेतावर गेला होता. तात्यांनी सवयीनं बोल्ट खिशात टाकला, पाइप तसाच लोंबता सोडला, आणि आम्ही दुपारच्या एस्टीनं नेरळला गेलो.

दुकानातून वायसर घेऊन बाहेर पडतो, तर समोरून विष्णूची जीप आली. तो चालवत होता. मागं शेवंता त्याच्या आईच्या मांडीवर आडवी. आम्ही हात करेपर्यंत जीप कर्जतच्या रस्त्याला लागली.

तात्यांचा हात खिशाकडे गेला. बोल्ट होता. त्यांनी तो बाहेर काढून पाहिला आणि परत ठेवला.

"पंपात डिझेल असेल तेवढ्यावर..." मी म्हणालो.

"तेवढ्यावर फार तर अंगनाच्या भायेर जाईल," तात्या म्हणाले.

एका टेंपोवाल्याला गाठून आम्ही कर्जतला पोचलो. दवाखान्याच्या आवारात जीप उभी होती आणि इंजिन चालू होतं. विष्णू बंद करायचं विसरून आत धावला होता.

व्हरांड्यात त्याची आई बसलेली. तात्यांनी विचारलं, "वळणावर बंद पडली का?"

"नाय बा. शेवंतानंच थांबवायला लावली. मागचा फाळका उघडायला सांगितला मला. जरा वेळ तशीच बघत ऱ्हायली. मग सरकून जागा केली आनि म्हनाली, चला आता."

तात्यांनी बॉनेट उघडलं. पाइप दुपारी सोडला तसाच लोंबत होता. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. कोरडं. बोटाला रस्त्याची धूळ लागली. इंजिन मात्र एका लयीत चाललं होतं. इतका स्वच्छ आवाज त्या जीपचा आम्ही कधी ऐकला नव्हता.

तात्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला. "तू लाव."

मी पान्हा घेऊन वाकलो. तेवढ्यात आत बाळ रडलं, आणि इंजिन आपोआप बंद झालं.

बोल्ट अजून माझ्या हातातच होता.