पुणे ते कोलकाता, म्हणे अडीच तास

"अडीच तास लागतात गं ताई, फक्त अडीच तास!" धाकट्या भावाचं, सुहासचं, हे पालुपद ऐकून माझे कान किटलेत. बँकेने कोलकात्याला बदली केल्यापासून पुणे त्याच्या लेखी शेजारचं गाव झालंय. त्याच्या मुलीचं बारसं ठरलं तेव्हा मी आगगाडीने आधीच जाऊन बसणार होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. तिथे उशीर करून कसं चालेल? पण हा हसला आणि बारशाच्याच सकाळचं विमानाचं तिकीट काढून मोकळा झाला. आईचे गुडघे गेलेत, तिला येणं शक्य नव्हतं. तिने शिवलेलं दुपटं घेऊन मी निघाले.

विमान पुण्यातच अडकलं. बिघाड म्हणे. कसला, ते कोणी सांगेना. काउंटरवरची मुलगी गोड हसून "थोडा वेळ" म्हणायची आणि तो थोडा वेळ काही संपेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारी कोलकात्याजवळच्या बजबज गावचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. हिंदीत म्हणाले, उतरल्यावर मला घरी पोहोचायला या विमानाइतकाच वेळ लागतो, तो कोण मोजतं?

तेवढ्यात सुहासचा फोन आला. जेवणं खोळंबली होती, त्याचे ऑफिसातले लोक घड्याळ बघत होते.

"ताई, मी फोन बाळाच्या कानाशी धरतो. तू नाव सांगून टाक."

"मेल्या, नाव सांगायचंय की स्टेशनवरची घोषणा करायचीय? मी येईपर्यंत थांबायचं."

फोन ठेवला, पण त्याचा भरवसा वाटेना. अखेर विमान उडालं. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. कोलकात्याजवळ खाली हिरवी भातशेतं आणि घराघरापुढे पुकुर (तळी) दिसू लागली, तरी माझं चित्त पाळण्यापाशीच होतं.

न्यू टाउनच्या हॉलवर पोहोचले तेव्हा दुपार उलटली होती. पाहुणे गेलेले, टेबलं उचलणं चाललेलं. मी थेट पाळण्याकडे धावले. सजवलेला पाळणा मात्र रिकामा होता. बाळ होतं शेजारच्या शिवानीदींच्या मांडीवर. भावजयीने सांगितलं, सुहासने दींनाच आत्या होऊन नाव उरकायला सांगितलं होतं. त्यांनी साफ नकार दिला आणि बाळ काही सोडलं नाही.

"पिशिर काज पिशीइ कोरबे," मला बघून दी एवढंच म्हणाल्या. (पिशी म्हणजे आत्या, आत्याचं काम आत्याच करणार.)

बाळाला दुपट्यात घेतलं, कानात कुर्र करून 'मुक्ता' म्हटलं. पाठीत धपाटे घालायला भावजय आणि दी दोघीच होत्या, पण दींचा धपाटा सणसणीत बसला. मग त्यांनी गरम लुची (मैद्याची पुरी) आणि आलूर दम (बटाट्याचा रस्सा) वाढला. मी रडत रडत चार लुच्या खाल्ल्या. सुहासशी बोलले नाही.

परतताना हट्टाने आगगाडीच धरली. हावड्याला सुहास पोचवायला आला आणि पुन्हा तेच, विमानाने गेली असतीस तर.

"अडीच तास ना?" मी म्हटलं. "मग इथे आल्यापासून आईकडे एकदाही का नाही आलास?"

तो माझी बॅग बर्थखाली सारत राहिला. बॅग केव्हाच आत गेली होती.

घरी पोहोचले तर आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली. मुक्ताचे फोटो तिने पुन्हापुन्हा बघितले, दुपटं पुरलं का विचारलं. मग हळूच म्हणाली, सुहास कधी येतोय? मी इतकी चिडलेली, पण तिच्यापुढे दुपट्यातल्या मुक्ताचा फोटोच पुन्हा धरला. तर तीच माझी समजूत घालू लागली.

"येईल गं. अडीच तास तर लागतात."