तोकोनचा डावा हात

तोकोन बाइकेचा, म्हणजे आमच्या तोकोनदादाचा, डावा हात कायम खिशात असायचा. बिश्केकमधल्या आमच्या नऊमजली इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला तो आला, की अंगणातल्या बाकावरच्या बायका सुरू व्हायच्या. "आला बाई अर्धा मिस्त्री. दुरुस्तीही अर्धीच व्हायची!" तो म्हणायचा, "मग तुम्हीही अर्धीच बिघडवत जा."

कारण साधं होतं. जुन्या लिफ्टच्या पॅनलमध्ये रिलेंची रांगच्या रांग, स्क्रू सगळे उघडे. दोन्ही हात आत असले, तर एका हातातून शिरलेला करंट छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. एकच हात आत असला, तर निदान काळीज वाचण्याची आशा. हा धडा तो डाव्या हाताची दोन बोटं देऊन शिकला होता.

वीजटंचाईच्या हिवाळ्यातली गोष्ट. घरांची वीज रोज जायची. लिफ्टची टिकायची, कारण तिची लाइन शेजारच्या प्रसूतिगृहाबरोबर होती. तोकोनने मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं, टेस्टर टेकवून पाहिला, दिवा पेटला नाही. पॅनल मेलेलं होतं. तो कामाला लागला आणि मध्येच पॅनल जिवंत झालं.

लिफ्ट कंपनीच्या मुख्य मेकॅनिकने चौकशी केली म्हणे. निष्कर्ष काय, तर स्विच बंदच केला नव्हता, पिऊन आला असणार. तोकोन दारूच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. पण शिक्का बसला तो बसलाच. पुढे त्याच्या मुलीला पाहायला आलेली माणसं "बेवड्या लिफ्टवाल्याची का?" असं म्हणून चहा न घेता उठून गेली. मला त्या गोष्टीची अजून चीड येते. आख्ख्या इमारतीत त्याच्याशी नीट वागायचा तो नवव्या मजल्यावरचा आसानाली. तोकोन वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत काम करत असला, की आसानाली चहाची किटली घेऊन जिना चढायचा.

या मार्चमध्ये आसानाली वारला. इस्पितळातून त्याला थेट अंगणात आणलं, तंबू उभारून त्यात ठेवलं. दुपारच्या नमाजानंतर न्यायचं होतं. आणि नेमकी सकाळीच लिफ्ट बंद पडली.

वर त्याची बायको, ऊलकान आपा. बर्फावरून घसरून पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लॅस्टर. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. नवऱ्याला शेवटचं पाहायचं तर ते तंबूतच. जावयांनी तिला खुर्चीत घालून उचललं, पण जिन्याच्या पहिल्याच वळणावर पाय अडकला. ती अशी किंचाळली, की गुपचूप परत फिरावं लागलं.

तोकोन धावत आला. बॅटरी धरायला मी वर गेलो. फ्यूज उडाला होता. त्याने स्विच पाडला, कुलूप लावलं, टेस्टर टेकवला, तर दिवा पेटला.

"बाइके, हे कसं?" मी विचारलं.

"मागे हो," तो म्हणाला. "स्विच बंद आणि आत करंट. म्हणजे कुणीतरी दुसरीकडून पाठवतंय."

खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, फ्यूज घाल आणि चालू कर! इमाम आले!"

"मी मेलो तर दोघांना एकदमच न्या," तोकोन ओरडला आणि तारा तपासत बसला. जुन्या पॅनलमध्ये निकामी तारांचं जंजाळ असतं, कुणी लक्ष देत नाही. त्यातली एक पॅनलच्या पाठीमागून, हवेच्या झरोक्यातून खाली गेली होती. तिच्या मागावर आम्ही पोहोचलो ते आसानालीच्याच घरात.

पाहुण्यांसाठी खोली रिकामी केली होती. कपाट सरकवलेलं, आणि त्याच्यामागे ती तार सॉकेटात.

"प्लग नुसता लोंबत होता," आसानालीचा पुतण्या म्हणाला. "चहाच्या सामोवारचा वाटला, म्हणून लावला. लावल्या लावल्या फट्‌कन आवाज झाला. मग मीटरजवळचं पडलेलं बटण पुन्हा वर केलं."

तोकोनने प्लग ओढून काढला, पण हातातून सोडला नाही. खुर्चीतली ऊलकान आपा त्याच्याकडे बघत होती.

"जा रे, खाली बघ जरा," तिने पुतण्याला घालवलं. मग म्हणाली, "त्या हिवाळ्यात त्याने ही तार ओढली होती. माझा दमा वाढला होता, विजेच्या शेगडीसाठी. इमारतीचा कारभार तेव्हा त्याच्याकडे, वरच्या मशीनच्या खोलीची चावीही. आमची वीज गेली की लिफ्टची घ्यायचो. तू स्विच पाडलास तेव्हा आमच्याकडे अंधार होता. मग आमची वीज आली, आणि उलटी वर गेली."

तोकोनने हातातला प्लग उलटा करून पाहिला.

"त्याच दिवशी त्याने प्लग काढला. वरचं कुलूप पुढे कंपनीने बदललं, म्हणून तार राहिली. तुला सांगायचं म्हणून दर वेळी चहा घेऊन जायचा रे. नुसता चहा देऊन परत यायचा." तिने डोळे पुसले. "खाली सगळे जमलेत. सांग. तुझा हक्क आहे. मी तोंड उघडणार नाही."

मी बाइकेच्या जागी असतो तर तो प्लग घेऊन अंगणात धावलो असतो. त्याने पक्कड घेतली, वर जाऊन तार कापली, पुन्हा टेस्टर लावला, मगच फ्यूज बदलला. लिफ्ट कुरकुरत नवव्यावर आली. आपाला तिरकं बसवून आम्ही खाली नेलं. ती तंबूत शिरली आणि तिचं रडणं अंगणभर ऐकू आलं.

नमाज झाला. रीतीप्रमाणे इमामांनी विचारलं, "लोकहो, आसानाली कसा माणूस होता?"

पहिल्या रांगेत तो जुना मुख्य मेकॅनिक उभा होता. मी तोकोनकडे पाहिलं.

"चांगला माणूस होता!" सगळे एका सुरात म्हणाले. तोकोनचे ओठ मिटलेले. मग सगळ्यांच्या नंतर, एकट्या तोकोनचा आवाज आला, "चांगला माणूस होता."

कब्रस्तानात माती लोटायला माणसं पाळीपाळीने फावडं घेतात. फावडं एका हाताने चालत नाही. तोकोनने डावा हात खिशातून काढला, उरलेल्या तीन बोटांनी दांडा धरला. मागचे फावडं मागत राहिले, मुख्य मेकॅनिकनेही हात पुढे केला. खड्डा भरेपर्यंत तोकोनने ते कुणालाच दिलं नाही.