सायकलच्या डाव्या हँडलला

साध्या कपड्यातला पोलीस मेला, तर त्याला जाळताना खाकी घालायची की धोतर नेसवायचं? दादा गेला त्या दिवशी मी हे सगळ्यांना विचारलं. भटजींना विचारलं, हवालदारांना विचारलं, आयेलासुद्धा विचारलं. वैनी म्हणाली, "भावजीनू, गप बसा जरा." शेवटी धोतरच नेसवलं.

तेव्हापासून माझ्या सायकलच्या दुकानात रोज कोणी ना कोणी येतो. पंक्चर काढायला येतो आणि दादाचा किस्सा ठेवून जातो. दुकानात आता ट्यूब कमी आणि किस्से जास्त झालेत. रडायला बसावं तर मध्येच हसू येतं, आणि हसताना बघितलं की लोकांना वाटतं धाकट्याचं डोकं फिरलं. माझी शाळा तिसरीपर्यंत. आठवतं तसं सांगतो.

*

दादा मालवणात जमादार होता. इन्सुलीच्या नाक्यापलीकडे फिरंग्यांचं राज्य, तिथे दारू उघड्यावर मिळते. आमच्याकडे दारूबंदी. त्यामुळे होडीने, बैलगाडीने, जमेल तशी ती इकडे येते. साध्या कपड्यात फिरून ती पकडायची, हे दादाचं काम.

न पकडण्याचे मासे मिळायचे.

पैशाला दादाने कधी हात लावला नाही. ते पाप, म्हणायचा. त्याची रीत वेगळी होती. बाजारात सायकल लावायची आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत डाव्या हँडलला केळीच्या पानात बांधलेली इसवण लटकलेली असायची. देणाऱ्याने दिसायचं नाही, घेणाऱ्याने बघायचं नाही. मग दादा भर बाजारात ओरडायचा, "हो मासो कोणाचो रे?"

सगळा बाजार गप्प.

"बेवारस माल," दादा म्हणायचा. "टाकलो तर पाप लागात." आणि घरी आणायचा.

हँडल सारखं डावीकडे वाकायचं. ते सरळ करायला सायकल माझ्याकडे यायची. दारू आणणाऱ्या भिवा तांडेलाच्या होड्या जोरात चालल्यात की थंड आहेत, हे मला हँडल बघून कळायचं.

*

एकदा वरून हुकूम आला की साध्या कपड्यांनी भागत नाही, वेष बदलून फिरा. दादाने जत्रेत गोसाव्याचं सोंग घेतलं. भगवी कफनी, भस्म, हातात चिमटा, सगळं बरोबर. पहिल्याच घरी "अल्लख" म्हणून उभा राहिला. आतून म्हातारी आली.

"जमादारानू, पीठ देव की तांदूळ? आणि सायकल उन्हात कित्याक ठेवलात?"

दादाने सायकल सावलीत लावली आणि तांदूळ घेतले.

*

चोर शोधायची दादाची पद्धत म्हणजे देवीचा कौल. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मग विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दादा संशयितांची नावं एकेक करून घ्यायचा. त्याचं म्हणणं, "साक्षीदार फुटता, देवी फुटत नाय."

एकदा देवळातलीच समई गेली. दादाने गावातल्या सगळ्या टग्यांची नावं घेतली. डावी, डावी, डावी. नावं संपली. वैतागून तो सहज म्हणाला, "मग काय गुरवान घेतल्यान?"

टपकन उजवी पडली.

गुरव कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "जमादारानू, आज देवीची तब्येत बरी नाय."

समई दुसऱ्या दिवशी जागेवर होती. देवीची तब्येतही सुधारली.

*

मग नवे साहेब आले. घाटावरचे, तरुण, सरळ. मासे खात नव्हते आणि नाक मांजरासारखं तिखट. आल्या आल्या त्यांनी दादाला बोलावून दार लावून घेतलं.

"जमादार, आपण धाड घालतो आणि होडी रिकामी मिळते. खात्यातला कोणीतरी त्यांना आधी खबर देतोय. तो कोण, हे तुम्ही शोधून काढायचं."

दादा दुकानात आला, स्टुलावर बसला आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाबल्या," मला म्हणाला, "साहेबान माका माझ्याच पाठसून फिराक सांगल्यान!"

मीही खूप हसलो.

*

दादाने काम मनावर घेतलं, तिथेच सगळं बिनसलं. आधी त्याने मासे सोडले. घरात रोज कुळथाची पिठी. आयेला वाटलं, काही नवस बोललाय. खरं म्हणजे साहेबांना हाताचा वास येईल ही त्याला भीती. शिकेकाईने हात धुवायचा, राखेने धुवायचा, मग दुकानात येऊन हात माझ्या नाकाला लावायचा.

"वास येता काय रे?"

"नाय."

"नीट बघ."

"दादा, शिकेकाईचो येता."

"बघ! साहेबाक वाटात, ह्यो इतके हात कित्याक धुता?" आणि तसाच गडबडीने जायचा.

भिवा तांडेलाने सवयीने हँडलला इसवण बांधली, तर दादाने ती भर बाजारात भिरकावली. कुत्र्यांनी खाल्ली. भिवा मला म्हणाला, "जमादारांका बरा नाय काय रे? डाक्टराक दाखव."

*

इन्सुलीच्या नाक्यावर त्याची ड्युटी लागली. तिकडून पिंगुळीचे बाहुल्यांचे खेळ करणारे बैलगाडीने परत येत होते. दादाने पेटारा उघडायला लावला, एकेक बाहुली उलटी करून झटकली. काही सापडलं नाही. शेवटी रावण हातात आला. दादाने त्याला उभा धरला आणि नाक्यावरच्या सगळ्यांसमोर विचारलं, "तू सांग. खात्यात खाता कोण?"

म्हातारा खेळिया हुशार. त्याने शांतपणे दोऱ्या हातात घेतल्या, रावणाची मान हलवली आणि रावणाच्या आवाजात बोलला, "जमादारानू, दहा तोंडां माझी, पण खाणारा तोंड तुमचा."

हवालदार पोट धरून हसले. दादा नाही हसला. त्याने रावणाला हात जोडले आणि गाडी सोडून दिली.

*

तिथून तो थेट देवीपुढे गेला. मी सोबत होतो. गुरवाने पाकळ्या लावल्या. दादाने स्वतःचं नाव घेतलं.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं तरी दादा हात जोडून उभा.

गुरव माझ्या कानात म्हणाला, "देवीबरोबर पण ह्यांचा काय ठरलेला आसा काय?"

मी हसलो. दादाने वळून बघितलं. त्याचे गाल किती आत गेलेत, ते मला तेव्हा दिसलं.

*

मग एका सकाळी दादा खाकी घालून ऑफिसात गेला. साध्या कपड्यातला माणूस, खाकी कशाला घातली कोण जाणे. साहेबांसमोर सॅल्यूट ठोकला. म्हणाला, "साहेब, माणूस सापडला."

साहेब म्हणाले, "बसा. नाव सांगा."

दादा बसला आणि गेला. खुर्चीतच. डॉक्टर म्हणाला, हृदय.

साहेब स्वतः घरी आले होते. अंगणात मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "जमादार तुमच्याकडे काही बोलले होते का? कोण माणूस?"

मी म्हटलं, "माझी शाळा तिसरीपर्यंत, साहेब."

*

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवले. साहेबही आले होते. कावळा शिवेना. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेल तर शपथ. वैनी म्हणाली, पोरांना शिकवीन. नाही. आये म्हणाली, "झिला, तुझी पोरां उपाशी रवाची नाय." नाही. मामाने छप्पर शाकारून द्यायचं कबूल केलं. तरीही नाही. ऊन चढलं. आयेने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय घेणारही नव्हती. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवूया. आये म्हणाली, "माझो झील अडकलो हा, आणि तुमी गवत लावतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नुसत्या कबुलीवर दादाने जन्मात कोणाचं काम केलं होतं का?

मी भिवा तांडेलाकडे बघितलं. तो माडाखाली मान घालून उभा होता. काही बोलावं लागलं नाही. तो होड्यांकडे पळाला, मी घराकडे पळालो आणि दादाची सायकल घेऊन आलो. वाळूत स्टँड रुतत होता, खाली फळी घातली. भिवाने केळीच्या पानात बांधलेली इसवण डाव्या हँडलला अडकवली. हँडल वाकलं.

भटजी ओरडले, "अरे, दहाव्याला मासळी? धर्म बुडवतोस!"

"भटजीनू, तोंड तिकडे करा," मी म्हटलं. "सगळ्यांनी तिकडे करा. बघत असलात तर तो घेवचो नाय."

आये पहिली वळली. मग वैनी, मामा, हवालदार. भिवा आधीच पाठ करून उभा होता. पुटपुटत भटजीही वळले. साहेब तेवढे राहिले. टोपी हातात घेऊन ते हँडलकडे बघत होते. मग केळीच्या पानाकडे, मग भिवाच्या पाठीकडे, मग माझ्याकडे.

मी हात जोडले. "साहेब, तुमीपण."

साहेबांनी टोपी डोक्यावर घातली आणि समुद्राकडे तोंड केलं.

मग मी वळलो. मागे पंख वाजले. सायकल करकरली. मी मोठ्याने विचारलं, "हो मासो कोणाचो रे?"

कोणी बोललं नाही.