कथकच्या वर्गातला त्रिताल

संगीत महाविद्यालयातून तबल्याची पदवी घेऊन बाहेर पडलो, तेव्हा वाटत होतं, वर्षभरात एखाद्या मोठ्या मंचावर एकल वादन करू. मिळालं ते घाटकोपरच्या एका कथकच्या वर्गात साथीचं काम. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळभर संथ त्रिताल. सोळा मात्रा संपल्या की पुन्हा सोळा मात्रा. शाळकरी मुली पावलं घोटत राहायच्या आणि माझी बोटं वळवळत राहायची. भांडुपला घरी आलो तरी जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालूच. वडील एकदा म्हणाले, "एवढा शिकलंस तां ह्याच्यासाठी?" मी ताट सारून उठलो.

एक दिवस राहवलंच नाही. ठेक्यात मध्येच एक लांबलचक तुकडा घुसवला. मुलींची पावलं विस्कटली, पहिल्या रांगेतल्या दोघी एकमेकींवर आदळल्या. शिकवणाऱ्या बाई पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीतूनच शिकवायच्या. तेव्हा त्यांनी हाताने टाळी देत वर्ग पुरा केला. मुली गेल्यावर म्हणाल्या, "थांब जरा. तुला वाजवायचंय ना? वाजव मग."

त्यांनी घुंगरू बांधले आणि उभ्या राहिल्या. मी खुशीत महाविद्यालयात पाठ केलेलं सगळं बाहेर काढलं. पण त्या लयीशी खेळत, पाऊल कधी रोखून, कधी सोडून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अलगद येऊन थांबायच्या आणि मी भलतीकडेच असायचो. तीनदा चुकलो. चौथ्यांदा हातच थांबवले.

"माझ्याकडे बघतच नव्हतास तू," त्या धापा टाकत म्हणाल्या. "स्वतःच्या हातांकडे बघत होतास."

"साथ आम्हाला फारशी शिकवलीच नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, पण बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

दोन दिवस मी गेलो नाही. मालाडच्या एका वाद्यवृंदाला फोन केला, त्यांच्याकडे जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या तासभर आधीच जाऊन बसलो.

"शिकवाल मला?" मी विचारलं.

"आधी पाय बघायला शीक," बाई म्हणाल्या. "आज हात मांडीवर ठेव."

महिनाभर हेच चाललं, ठेका बाई टाळीवर धरायच्या. बसल्याजागी जीव नुसता तळमळायचा. हळूहळू पाऊल उठतानाच ते कुठे पडणार हे कळायला लागलं.

आता नाचाच्या कार्यक्रमांना मला आवर्जून बोलावतात. एकल वादनाचं बोलावणं मात्र अजून आलेलं नाही. रोज सकाळी रियाजाला बसतो, आणि अर्ध्यातच उठून फोन बघून येतो.